हँडलवाल्यांचं घर

टिक् वाजलं तर स्विच चांगला, टक् वाजलं तर तो बाजूच्या वाटीत. धुळ्याच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती या आवाजाने. नाना चहा संपवून बाहेरच्या खोलीत पाटावर बसायचे, पत्र्याच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढा स्विच काढायचे, कानाशी धरून अंगठ्याने दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आत माय भाकरी थापत असायची. थाप, थाप, टिक्, थाप, टक्. शेजारच्या बायका मायला विचारायच्या, "तुमना घरमा कसाना कारखाना शे वं?" माय म्हणायची, "हँडलना." सायकलचं का मोटारसायकलचं, असा पुढचा प्रश्न यायचा, आणि माय हात झटकून म्हणायची, "पोरेसना खेयना शे, माले नही समजत."

त्या वर्षांत आमच्याकडे गावोगावी व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती. स्टेशनजवळ, एसटी स्टँडसमोर, टॉकीजच्या बोळात. दाराला जाड पडदा, आत ओळीने उभी लाकडी कपाटं, कपाटात टीव्ही, आणि टीव्हीखाली पत्रा मारलेल्या फळीवर एक दांडा आणि रंगीत बटणं. त्या दांड्याला सगळे हँडल म्हणत. पोरं त्याच्यावर अख्खा जीव काढायची. मारामारीच्या खेळात तर ते असं पिरगाळायची की बघता बघता त्याची मान मोडायची, आणि मुंबईहून दुसरं येईपर्यंत ते कपाट बंद. धुळ्यातल्या एका दुकानदाराने असंच एक मोडकं हँडल नानांपुढे आणून टाकलं. नाना रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे. त्यांनी ते हँडल वर्तमानपत्रावर उलगडलं. आत काही जादू नव्हती. मधोमध एक लोखंडी दांडी, तिला सरळ उभी ठेवणारी स्प्रिंग, आणि चार बाजूंना चार स्विच. दांडी उजवीकडे झुकली की उजवीकडचा स्विच दाबला जायचा, टीव्हीतला माणूस उजवीकडे पळायचा. बस्स.

"हाई ते आपण बी करसूत," नाना म्हणाले, आणि आमचं घर हँडलवाल्यांचं झालं.

दांडी खराद्याकडून लेथवर कातून यायची. वरचा गोळा सागवानाचा, पलंगाच्या खुराला किंवा पाळण्याच्या कठड्याला बसवतात तसा. तो माय घासायची. काचकागदाने घासून घासून ती त्याला असा गुळगुळीत करायची की चिंचोका वाटावा. स्प्रिंगने आम्हाला फार छळलं. बॅटरीतली लावून पाहिली तर हँडल आजारी माणसासारखं एका अंगावर पडून राहायचं. दुसरी एक कडक मिळाली, तर पोरांची मनगटं भरून यायची. मग दुकानदारांच्या फर्माइशी सुरू झाल्या. अमळनेरच्या पोरांना हँडल सैल हवं, बोटांनी फिरवता येईल असं. पाचोऱ्याच्यांना ताठ हवं, मूठ भरून धरायला. दांडीच्या खाली एक पत्रा असतो, त्याच्या भोकातच दांडी फिरते. भोक चौकोनी ठेवलं तर दांडी कोपऱ्यात बरोबर बसते, गोल ठेवलं तर ती गरकन फिरते. जळगावच्या एका दुकानदाराने एकच हँडल तीनदा परत आणलं, आणि शेवटी आम्ही त्या भोकाचे चारही कोपरे कानशीने थोडे थोडे मारून गोलसर केले तेव्हा कुठे त्याच्या गिऱ्हाइकांचं समाधान झालं. परवा माझ्या भाच्याने त्याच्या घरच्या खेळासाठी असलंच एक हँडल ऑनलाइन मागवलं. खोका उघडल्यावर मी ते उलटं केलं आणि खालचा पत्रा आधी बघितला. कोपरे मारलेले होते. भाचा म्हणाला, "मावशी, तुला यातलं काय कळतं?" मी त्याला चहा दिला.

तारा जोडायचं काम माझं होतं. मी बारावी होऊन घरी बसले होते, आणि नानांचा उजवा हात कापायचा. तो जन्मापासून कापरा नव्हता. लग्नाआधी ते अमळनेरकडच्या एका खेड्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. एकदा मोटारीच्या अंगातच करंट उतरला होता. नानांनी हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. सोडवेना. कोणीतरी फावड्याचा लाकडी दांडा त्यांच्या कोपरावर हाणला म्हणून ते सुटले. हाताची थरथर मात्र राहिली, आणि त्याहून मोठी म्हणजे धास्ती राहिली. ती त्यांनी घरभर वाटली. कुठल्याही लोखंडाला आधी हाताची पालथी बाजू लावायची, कारण तळहात लावला तर मूठ आपोआप आवळते. पायात चप्पल असल्याशिवाय बाहेरच्या खोलीत यायचं नाही. कोणी चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, आधी प्लग. हे मला रोज ऐकावं लागायचं. "करंटले डोया नही ऱ्हातस," नाना म्हणायचे. करंटला डोळे नसतात, तो माणूस बघत नाही. हँडल तपासायला आम्ही एक मागून उघडा केलेला टीव्ही, खेळाचं सर्किट जोडून, ठेवला होता. तो सुरू केला की आत बारीक चरचर व्हायची आणि माझ्या हातावरचे केस उभे राहायचे. मी तारांना कथलाचा डाग देताना श्वास धरून ठेवायची. लोकांना वाटायचं पोरगी मन लावून काम करते. मी घाबरून काम करत होते.

तसं पाहिलं तर हँडलमधल्या तारांत काही दम नसतो. घड्याळातल्या दोन-चार सेलांएवढाच करंट. पण नानांनी आपल्या धास्तीपायी आमच्या प्रत्येक हँडलला एक जास्तीची तार द्यायला सुरुवात केली होती. हिरवी. दांडीच्या लोखंडी बैठकीपासून निघायची आणि कपाटाच्या अर्थिंगला जोडली जायची. चुकून कुठून करंट उतरलाच, तर तो खेळणाऱ्याच्या अंगात न जाता या तारेतून जमिनीत जाईल. बाहेरच्या हँडलना अशी तार नसायची. नानांना तिचा अभिमान होता.

उन्हाळा होता. घराच्या मातीच्या धाब्यावर मायने ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत घातले होते आणि चुलीवर कणकेच्या बट्ट्या उकळायला टाकल्या होत्या. दुपारची वेळ. दारात जीप थांबली. उतरलेला माणूस उंच, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल, मिशा पिकलेल्या. मागे जीपवाला दारातच उभा राहिला. नाना उठले.

"हँडलवाला नाना तूच का?"

"हां, मीच. बठा ना. शोभी, पाणी आन."

मी तांब्या-भांडं आणलं. त्या माणसाने पाण्याकडे पाहिलंही नाही. आमच्याकडे दारी आलेला माणूस पाणी घेत नाही याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मायने चुलीपुढून मान वर केली.

"चाळीसगावले नंदूशेठना दुकानमा नवा दांडा कोनी बसाडा?"

"आम्हीच बसाडा. काब्र? काय व्हयनं?"

"मना पुतण्या भिकन त्या दांडाले चिकटना," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "कालदिनपासून दवाखानामा पडेल शे. डोया उघाडत नही. चाल."

नानांच्या हातातला स्विच खाली पडला.  माय बाहेर आली, हाताला पीठ तसंच. "चाल म्हंजे कोठे? मारशात का त्यासले?"

"मारानं ऱ्हातं तर आठेच मारतू," तो माणूस म्हणाला. "बठ्ठा लोके जमेल शेतस. ह्यानी यीसन सांगानं, पोऱ्याले काय कयं ते."

त्याचं नाव धुडकूआबा. भिकनचे वडील लहानपणीच गेलेले, यानेच त्याला वाढवून कॉलेजात घातलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की चाळीसगावच्या त्या हँडलची प्रत्येक तार मी माझ्या हाताने जोडली होती, आणि कोणीतरी एक मुलगा डोळे उघडत नव्हता.

"मी बी येस," मी म्हणाले.

नाना म्हणाले, "तू घर ऱ्हाय."

"तारा मी जोडेल शेतस, नाना. तुमना हात..."

 मायने मला अडवलं नाही. तिने फक्त माझ्या पायांकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या रबरी चपला आणून पुढे ठेवल्या, आणि मी त्या घातल्या. मी टेस्टर, पकड आणि पेचकस पिशवीत टाकले. बट्ट्या चुलीवर तशाच उकळत होत्या.

जीप निघाली. खिडकीतून गरम वारा येत होता, नानांचा उजवा हात मांडीवर उड्या मारत होता आणि तो त्यांनी डाव्याने दाबून धरला होता. मी डोळे मिटून ते हँडल मनात पुन्हा उघडलं. वरचा स्विच, लाल तार. खालचा, पिवळी. डाग नीट बसला होता. मग बटणं. मग हिरवी. सगळ्या तारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. कुठे तारेतला केसाएवढा एखादा धागा सुटला असेल का? कथलाचा थेंब पडून दोन तारा जुळल्या असतील का? आणि समजा जुळल्या, तरी सेलाएवढ्या करंटने माणूस पडतो कसा? मग मोठा करंट आला कुठून? मेहुणबाऱ्याला गिरणेच्या पुलावर जीप आली. पात्रात पाण्याची एक बारीक रेघ आणि बाकी सगळी वाळू. त्या वाळूकडे बघताना मला वाटलं, आपण पोचेपर्यंत त्याला काही झालं असलं तर? धुडकूआबा पुढे बसला होता. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती. तो एकदाही मागे वळला नाही.

दुकानापुढे माणसं जमली होती. आम्हाला पाहून ती बाजूला झाली, आणि तेवढ्या वाटेने आत जाणं हे मला अजून आठवतं. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसते बघत होते. "पोरगीले बी लयना," कोणीतरी म्हणालं. आत नंदूशेठ, दुकानाचा मालक, घामाने चिंब होऊन स्टुलावर बसला होता. आम्हाला पाहताच तो उठला आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी काय करू, सांगा! इतकी वर्षं दुकान चालवतो, कोणाला मुंगी चावली नाही. यांनी हँडल बदललं आणि हे झालं. विचारा त्यांना!"

दुकान लांबट होतं. कपाटं एका भिंतीला, आणि शेवटच्या कपाटाला लागून लोखंडी कूलर, आमच्याकडे उन्हाळ्यात असतो तसा, मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. तो बंद होता. खालची फरशी ओली होती. भिकन शेवटच्याच कपाटावर खेळत होता. स्टूल अजून आडवं पडलेलं होतं, कोणी उचललं नव्हतं.

नानांनी पेचकस हातात घेतला. तो स्क्रूच्या खाचेत बसेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. बघणाऱ्यांत कुजबुज झाली. हात कापतो म्हणजे चोर, असंच त्यांना वाटलं असणार. मी पेचकस त्यांच्या हातातून घेतला. नंदूशेठला मागचा प्लग काढायला लावला, फळी उघडली, आणि बॅटरी मारून एकेक तार पाहिली. लाल, पिवळी, सगळ्या. जशा मी जोडल्या होत्या तशाच होत्या. एकही डाग सुटलेला नाही, एकही तार जळलेली नाही. मग मी फळी लावली, नंदूशेठला प्लग लावायला सांगितला, आणि टेस्टरचं टोक दांडीला टेकवलं.

टेस्टर म्हणजे पेचकसासारखाच असतो, पारदर्शक मुठीत एक बारीक दिवा. करंट असला की तो लाल पेटतो. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला जोराची लघवी लागली होती. हे लिहायची लाज नाही वाटत आता. दिवा पेटला नाही. पत्र्याला लावला, नाही पेटला. स्क्रूला लावला, नाही.

"यात करंट नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काल व्हता," धुडकूआबा म्हणाला.

"काल काय झालं मला माहीत नाही, आबा. आज नाही."

"मंग धर."

मी हात पुढे केला. त्याने मान हलवली. "तू नही, पोरी. हाऊ धरी." त्याने नानांकडे बोट केलं. "आनि चपला काढीसन. मना पोऱ्या उघाडा पायना व्हता."

नाना तिथे उभे होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी कुठल्याही लोखंडाला तळहात लावला नव्हता. घरातला नळ सोडतानासुद्धा ते आधी बोटांची पाठ लावायचे. मी त्यांचा सदरा धरला. "नाना, नका."

"टेस्टर लाईसन देखं ना तू?" त्यांनी मला विचारलं.

"देखं."

"मंग?" ते म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि दांडा मुठीत धरला. माझा टेस्टर दांड्याखालच्या स्क्रूवर होता. मी तो हलवला नाही.

काही झालं नाही. टीव्हीवर खेळाची जाहिरात चालली होती, दोन रंगीत माणसं एकमेकांना लाथा मारत होती. नाना दांडा धरून उभे. बघणारी माणसं दाराशी दाटली होती, आत हवा राहिली नव्हती. धुडकूआबाने रुमालाने मान पुसली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं होतं आणि आता तिथे काय आणावं हे त्याला कळत नव्हतं. तो नंदूशेठला म्हणाला, "कूलर लाव रे, जीव घाबरी ऱ्हायना."

नंदूशेठने हात लांब करून बटण दाबलं.

टेस्टरमधला ठिपका लाल झाला.

मी ओरडले का, हे मला आठवत नाही. नाना ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडातून दात घासल्यासारखा एक आवाज आला, मूठ दांड्यावर आवळली गेली, आणि त्यांचा खांदा असा हलू लागला की जणू कोणीतरी पलीकडून त्यांना ओढत होतं. धुडकूआबा त्यांना धरायला पुढे झाला. "हात लावू नका!" हे मात्र मी ओरडले, ते त्याने मला नंतर सांगितलं. कूलरचं बटण बंद करायचं कोणालाच सुचलं नाही; माझ्या डोक्यात एकच, आधी प्लग. कपाटाची आणि कूलरची वायर खाली एकाच लांब बोर्डात गेली होती, आणि बोर्डाचा प्लग कपाटाच्या मागे भिंतीत होता. मी कपाट आणि भिंत यांच्यात अंग घातलं. हात प्लगपर्यंत पोचत नव्हता. वायर हाताला लागली, ती मी दोन्ही हातांनी धरली आणि पाठ भिंतीला लावून ओढली. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा प्लग सुटला.

टीव्ही विझला. कूलरचा पंखा फिरत फिरत मंद झाला. नाना बसकण मारून खाली आले, आणि त्यांचं डोकं फरशीवर आपटायच्या आधी धुडकूआबाने ते मांडीवर घेतलं.

ज्या माणसाने आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, तो माझ्या वडिलांच्या तोंडावर पाणी मारत होता आणि "नाना, ओ नाना, डोया उघाड ना भो" असं म्हणत होता. मी कपाटाच्या मागून बाहेर येऊ शकत नव्हते.  मी तिथूनच ऐकत होते. मग नानांचा खोकला ऐकू आला.

झालं होतं ते सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच भयंकर होतं. कूलर जुना, त्याच्या मोटारीत पाणी जाऊन त्याच्या पत्र्यात करंट उतरत होता. बोर्डातून जी अर्थिंगची तार जमिनीत जायला हवी होती, ती भिंतीतल्या भोकापर्यंत आली होती आणि तिथे लोंबत होती, कुठेच जोडलेली नव्हती. मग कूलरचा करंट जाणार कुठे? तो त्याच अर्थिंगच्या तारेने बोर्डातून कपाटात आला, आणि कपाटातून आमच्या हिरव्या तारेने दांड्यात. नंदूशेठ ती लोंबती तार बघत राहिला. त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. धुडकूआबाने त्याची गचांडी धरली तेव्हा नाना फरशीवरूनच म्हणाले, "मारू नका त्याले. पहिले मेन बंद करा." आणि मग, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "ती हिरवी तार मी घालेल शे."

दवाखान्यात गेलो तेव्हा भिकन जागा झाला होता. स्टुलावरून मागे पडून त्याच्या डोक्याला मार बसला होता, उजव्या तळहाताला पट्टी होती. तो नुसता हाडकुळा मुलगा होता, ओठावर नुकती लव आलेली. नाना दारातच उभे राहिले.  धुडकूआबाने त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि भिकनला सांगितलं, "हाऊ बी चिकटना व्हता, तुनागतच." भिकनने नानांच्या हाताकडे बघितलं. नानांनी तो लपवला नाही.

आबानेच आम्हाला जीपने घरी पोचवलं. माय दारात बसली होती, मला वाटतं आम्ही गेल्यापासून तिथेच. तिने आबाला तांब्या दिला, तो त्याने उभ्याने घटाघटा रिकामा केला, आणि मग तो वरण-बट्टी जेवायला बसला. जेवताना एकदम त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माय म्हणाली, "ठेचा तिखट व्हयना का?" तो म्हणाला, "हां."

त्यानंतर बाहेरच्या खोलीतलं सामान कापडाखाली गेलं. टिक् नाही, टक् नाही. नानांच्या अंगाला फार काही झालं नव्हतं, पण ते दिवसभर पाटावर बसून राहायचे आणि हिरव्या तारेचं भेंडोळं हातात घेऊन बघायचे. त्या दिवसांतली भीती आधीच्या भीतीसारखी नव्हती. आधी मी करंटला भ्यायचे. आता मी आमच्या चांगल्या कामाला भ्यायला लागले होते. आपण जे कोणाच्या भल्यासाठी करू, तेच दुसऱ्याच्या दुकानात जाऊन कोणाला धरून ठेवेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. रात्री झोप यायची, पण दिवसा मिक्सर लावायला हात पुढे होत नसे. आज माझं वय पन्नाशीपलीकडे आहे, जळगावच्या घरात अर्थिंग मी स्वतः उभं राहून करून घेतलं, तरी फ्रिज उघडताना बोटांची पाठ आधी लागते. घरचे हसतात. हसू देत.

कापड मीच काढलं. मी खराद्याकडे गेले आणि त्याच्याकडून दांडीचे दोन तुकडे करून घेतले, मध्ये फायबरचा जोड. खालचं लोखंड आणि वरचा हात यांची गाठच पडणार नाही. हिरवी तार ठेवली, कारण नानांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ती जमिनीपर्यंत जाते का ते बघितल्याशिवाय कुठेही हँडल बसवायचं नाही असं ठरवलं. अमळनेर, पाचोरा, जळगाव, जिथे जिथे आमची हँडलं होती तिथे मी आणि नाना एसटीने गेलो. दुकानदार म्हणायचे, "ताई, खेळायचं हँडल आहे, विमान नाही." निम्म्या ठिकाणी तार लोंबतच होती. प्रत्येक ठिकाणी टेस्टर लावताना मी आधी सगळं लावायला सांगायची, पंखे, कूलर, झाडून सगळं.

पाऊस संपता संपता एक दिवस भिकन धुळ्याला आला. एकटाच, एसटीने. पट्टी सुटली होती, तळहातावर गुलाबी चट्टा होता आणि मधली दोन बोटं नीट मिटत नव्हती. तो चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी म्हणाला की तो त्या दिवसापासून कुठल्याच हँडलला हात लावू शकला नव्हता. दुकानात जातो, बघतो, परत येतो. "माले फक्त एकदाव धरानं शे," तो म्हणाला. "पन आठे. तुमना घर."

मी नवं हँडल टीव्हीला जोडलं. त्याच्या बोटांकडे बघून मी सागवानी गोळा काढला आणि एक बारीक, लांबट बोंड बसवलं, न मिटणाऱ्या बोटांतही मावेल असं. टेस्टर लावला. पुन्हा लावला. नाना पाटावर बसले होते, माय दाराला टेकून उभी. भिकनने हात पुढे नेला, मागे घेतला, सदऱ्याला पुसला. मग त्याने बोटांची पाठ आधी लावली. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी टीव्हीची वायर दोन्ही हातांत धरून प्लगजवळ बसले होते. टीव्हीकडे मी बघितलंच नाही. मी त्याच्या खांद्याकडे बघत होते, तो हलतो का ते.

त्याने मूठ मिटली, जेवढी मिटत होती तेवढी. खेळ सुरू झाला. टिक्, टिक्, टिक्. पहिला डाव तो हरला, दुसरा हरला, मग हळूहळू त्याचं मनगट सुटलं आणि तो पुढे वाकून खेळायला लागला, तोंडाने आवाज काढत, जसे सगळे काढतात. किती वेळ गेला मला कळलं नाही. खेळ संपल्यावर तो मागे वळला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"ताई," तो म्हणाला, "आते सोडी दे ना ती वायर."

मी खाली बघितलं. माझी बोटं पांढरी पडली होती. ती एकेक करून उघडावी लागली, आणि ती मायने उघडली.